मदत हवी आहे : ऊसतोड कुटुंबातल्या बाळाच्या राहिलेल्या लसी

आमच्या शिवारात बीडहून ऊसतोडीला आलेल्या एका ताईंचं बाळ नऊ महिन्यांचं झालंय. लसीकरणाचं कार्ड घड्या पडून मऊ झालंय, तरी नोंदी वाचता येतात: जन्मल्यावर बीसीजी, दीड महिन्याला पेंटा, रोटा, पोलिओ, न्यूमोकोकल. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रकाने कोरे. आता गोवर-रुबेलाचीही वेळ झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे सगळं मोफत मिळतं, एवढं माहीत आहे. पण राहिलेले डोस पहिल्यापासून देतात की पुढचे चालू करतात? गोवर-रुबेला त्याच दिवशी देतात ना? आधारवर पत्ता गावाकडचा, म्हणून ताई जायलाच घाबरतायत. कुणी आशाताई किंवा सिस्टर असाल तर कृपया लवकर सांगा, टोळी आठवडाभरात दुसऱ्या फडावर हलणार आहे.