पवनचक्कीच्या पात्यातील चिकटजोडाची अल्ट्रासॉनिक तपासणी

प्रश्न
मी पोलादी वेल्डची अल्ट्रासॉनिक तपासणी करतो. आता काम पवनचक्कीच्या ग्लासफायबर पात्यांचे आले आहे. स्पार कॅप (पात्याच्या लांबीभर जाणारा, भार पेलणारा जाड पट्टा) आणि शिअर वेब (पात्याच्या आतला उभा पडदा) यांच्यामधला चिकटजोड सुटला आहे का, हे पात्याच्या बाहेरच्या बाजूने पाहायचे आहे. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबने (ध्वनिलहरी सोडणारे आणि परत टिपणारे साधन) जाड भागात पडद्यावर नुसता गोंगाट दिसतो. फ्रीक्वेन्सी किती ठेवावी, आणि जोड सुटल्याचे कशावरून ओळखावे?

प्रतिसाद १
तो प्रोब येथे उपयोगाचा नाही. ग्लासफायबरमध्ये तंतू आणि सूक्ष्म पोकळ्यांवर लहरी विखुरतात, शिवाय रेझिन त्यांची ऊर्जा शोषून घेते, आणि फ्रीक्वेन्सी वाढली की ही घट झपाट्याने वाढते. जाड स्पार कॅपसाठी ०.५ ते १ मेगाहर्ट्झचा प्रोब घ्यावा. जाडीच्या दिशेने वेग सेकंदाला २,७०० मीटर धरल्यास १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी २.७ मिलिमीटर येते, त्यामुळे बारीक दोष निसटणार हे गृहीत धरावे लागते. वेग मात्र तक्त्यातून उचलू नये. त्याच लॅमिनेटच्या (तंतू आणि रेझिनच्या थरांच्या) माहीत जाडीच्या तुकड्यावर कॅलिब्रेशन करावे.

प्रतिसाद २
स्पार कॅपच्या आतल्या पृष्ठभागावरून येणारा इको (परतलेल्या लहरीचा पडद्यावरचा उंचवटा) म्हणजे जोड सुटला, असे समजू नये. लॅमिनेट आणि चिकटद्रव्य यांची ध्वनिक प्रतिबाधा (पदार्थाची घनता आणि त्यातला ध्वनीचा वेग यांचा गुणाकार) वेगळी असल्यामुळे चांगल्या जोडातही तो इको येतोच, फक्त कमी उंचीचा. मागे हवा असेल तर जवळजवळ सगळी ऊर्जा परत फिरते आणि इको एकदम चढतो. फेजवरून, म्हणजे परतलेली लहर सुलट आहे की उलट यावरून, निवाडा करण्याचा मोह होतो, पण चिकटद्रव्य आणि हवा या दोन्हींची प्रतिबाधा लॅमिनेटपेक्षा कमी असल्याने इको दोन्हीकडे उलटाच येतो. माझ्या मते अधिक भरवशाची खूण म्हणजे चिकटथराच्या पलीकडच्या सीमेवरून येणारा दुसरा इको: स्पार कॅपच्या बाजूने जोड सुटला की तो नाहीसा होतो.

प्रोब पात्याच्या रुंदीच्या दिशेने सावकाश सरकवून पाहा. वेबच्या बाहेर, जिथे मागे हवाच आहे, तिथे इको उंच असेल. चिकटपट्टा सुरू होताच तो खाली येईल आणि पट्टा संपताच पुन्हा चढेल. या उतरलेल्या पट्ट्याची रुंदी नकाशातल्या रुंदीशी ताडून पाहिली की जोड कडेने किती सुटला आहे, हे कळते.

प्रश्नकर्ता
म्हणजे दुसरा इको दिसला की जोड पक्का मानावा का?

प्रतिसाद ३
तसे मानता येणार नाही. दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट टेकलेले, पण चिकटलेले नसले, तरी ध्वनी पलीकडे जातो; जोडाची ताकद या पद्धतीने मोजली जात नाही. अहवालात ‘जोड मजबूत’ असे न लिहिता ‘तपासलेल्या भागात विलगता आढळली नाही’ असे लिहावे, आणि सोबत प्रोबची फ्रीक्वेन्सी, गेन (सिग्नल किती वाढवला ते) व तपासलेल्या पट्ट्याची लांबी नोंदवावी.