ड्यूनाला जाताना ८० किमीच्या पार्किंग ऑर्बिटचा हट्ट कशाला?

डोंबिवलीकर:
कर्बल स्पेस प्रोग्रॅम या अंतराळयानं उडवायच्या व्हिडिओ गेममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला एकच मंत्र दिला जातो: कर्बिनचं (गेममधल्या पृथ्वीचं) वातावरण ७० किमीला संपतं, तेव्हा ८० किमीवर गोल कक्षेत पार्क करा आणि तिथूनच निघा. मला हे सरसकट पटत नाही. माझं ड्यूनाचं (गेममधल्या मंगळाचं) यान ४० टनांचं, खाली एकच अणुइंजिन, ६० किलोन्यूटनचं. ड्यूनाकडे निघायला वेग साधारण १,०७० मीटर प्रति सेकंदाने वाढवावा लागतो, म्हणजे इंजिन अकरा मिनिटं चालू. ८० किमीवर अख्खी प्रदक्षिणाच ३१ मिनिटांची. इतक्या वेळात यान कुठल्या कुठे जातं आणि बराचसा जोर वाकड्या दिशेने वाया जातो. ३०० किमीवर प्रदक्षिणा ४७ मिनिटांच्या वर, बर्न (इंजिन पेटवणं) सुटसुटीत. शिवाय खाली टाइम-वॉर्प (गेममधला वेळ भरभर पुढे नेणं) चढत नाही, तो ताप वेगळाच.

बोरिवली स्लो:
डोंबिवलीकर, हिशेब मांडा की. ३०० किमीवरून ड्यूनाला साधारण ९६५ लागतात. म्हणजे निघताना वाचले १०५. पण ८० वरून ३०० ला चढून कक्षा गोल करायला गेले २९५ च्या आसपास. निव्वळ तोटा १९०. चर्चगेटहून बोरिवलीला निघालेल्याने दादरला उतरून, पूल चढून-उतरून पुन्हा त्याच गाडीत बसण्यातला प्रकार आहे हा.
कारण साधं आहे. इंजिनाचा जोर तोच, पण यान जितकं वेगात तितकं ते त्याच एका सेकंदात जास्त अंतर कापतं, आणि ऊर्जा म्हणजे जोर गुणिले अंतर. ओबेर्थ परिणाम तो हाच. वेग सगळ्यात जास्त खाली असतो, म्हणून इंधन खाली जाळायचं. बर्न लांबतोय? तुकडे करा. दर फेरीला पेरिअ‍ॅप्सिसपाशी (कक्षेच्या सगळ्यात खालच्या बिंदूपाशी) तीन-चार मिनिटं पेटवा, बंद करा, पुन्हा खाली या.

डोंबिवलीकर:
२९५ चा आकडा मान्य. पण तो ८० ला आधी गोल होऊन मग चढणाऱ्याला लागू. आणि तुकड्यांचं म्हणाल तर इस्रोने तरी गोल पार्किंग कुठे केलं? चांद्रयान-३ ला १४ जुलै २०२३ ला रॉकेटने सोडलं तेच १७० गुणिले ३६,५०० किमीच्या लंबगोलात.

बोरिवली स्लो:
त्यातला १७० हा आकडा बघा ना! उपभू (पृथ्वीजवळचा बिंदू) खालीच ठेवला आणि अपभू (सगळ्यात दूरचा बिंदू) ढकलत नेला. मंगळयानाचंही तेच. साधारण १,३४० किलोचं यान, इंजिन फक्त ४४० न्यूटनचं. तुमच्या अणुइंजिनाची तक्रार त्यापुढे काहीच नाही. ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण, आणि पृथ्वी सोडली थेट १ डिसेंबरला. मध्ये ११ नोव्हेंबरचा बर्न अर्धवट राहिला, अपभू ठरलेल्या एक लाख किमीऐवजी ७८ हजारांवर अडकला, तर दुसऱ्याच दिवशी जादा बर्न देऊन भरपाई केली. एका दमात निघाले असते तर ही सोय मिळाली असती का?

ठाण्याचा वैतागलेला:
सँडबॉक्समध्ये (गेमच्या पैशांची अट नसलेल्या प्रकारात) इंधन फुकट आहे हो. महाग आहे ती माझी झोप, सकाळी ७:१२ ची पकडायची असते. चार फेऱ्यांचे चार नोड (बर्नच्या आखण्या) कोण लावत बसणार? दोन टाक्या जास्त जोडा आणि निघा.

गिरगावची ताई:
तुम्ही दोघेही टाकी कर्बिनवरच भरणार असं धरून भांडताय. मी मिन्मसवर (कर्बिनच्या छोट्या चंद्रावर) खाणकाम करून तिथे भरते. गुरुत्व पृथ्वीच्या विसाव्या भागाइतकं, उठायला काहीच लागत नाही. तिथून कर्बिनकडे असं पडायचं की पेरिअ‍ॅप्सिस ८० किमीवर येईल. पडायला नऊ कर्बिन दिवस (सहा तासांचा एक). खाली पोचताना वेग ३,२०० मीटर प्रति सेकंद असतो, त्यात जेमतेम १५० टाकले की ड्यूना. कुठे १,०७० आणि कुठे १५०! अर्थात मिन्मस सोडून खाली पडायचा खर्च वेगळा, पण तो तिथल्याच इंधनातून. बोरिवलीकरांचा ओबेर्थ यात पुरेपूर आहे, फक्त खाली मुक्काम करायचा नाही, नुसतं जाऊन यायचं.

डोंबिवलीकर:
ताई, कागदावर झकास. पण मिन्मसची एक फेरी ५० दिवसांची. खिडकी (ड्यूनाला निघायची योग्य वेळ) उघडते तेव्हा तो भलतीकडे असला तर? ड्यूनाची पुढची खिडकी ९०० दिवसांनी.

गिरगावची ताई:
खिडकी काही एका दिवसाची नसते. पंचवीस दिवस अलीकडे-पलीकडे निघालात तर थोडं जास्त लागतं, तरी १,०७० च्या जवळपासही जात नाही.

बोरिवली स्लो:
वेळेचं सोडा, मिन्मसची कक्षा सहा अंशांनी कलती आहे, ते या १५० मध्ये धरलंय का? मी मागे तिथून निघालो तेव्हा प्रतलाची दुरुस्ती वाटेत वेगळी करावी लागली होती. तो आकडा टाका, मग बोलू.