फोटोवरून स्क्रोल सॉचं पॅटर्न: कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

माडबन_करवत:
नमस्कार मंडळी. १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक ब्लेडने लाकडात नक्षी कापायची मशीन) आहे, पिनलेस म्हणजे टोकांना पिन नसलेल्या ब्लेडचा. पर्यटकांसाठी ए-४ आकाराच्या फ्रेम करायच्या आहेत: सिंधुदुर्ग किल्ला, माड, होड्या, आणि गिऱ्हाईक देईल त्या फोटोवरून चेहरे. ३ मिमी प्लाय, मागे काळा बोर्ड. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम. फोटोचं स्टेन्सिल करून देणाऱ्या वेबसाइटवर चित्र झकास दिसतं, पण कापायला घेतलं की डोळ्याचा, नाकाचा तुकडा सुटून खाली. फोटो एडिट करायचं गिम्प, रेघांची चित्रं करायचं इंकस्केप, की रॅपिड रिसायझरसारखं पॅटर्नचं सॉफ्टवेअर पैसे भरून घ्यावं?

जाळीकाम_कुडाळ:
तुकडे सुटतात कारण त्या वेबसाइटला फक्त काळं-पांढरं कळतं, लाकूड कशाला धरून राहणार ते कळत नाही. हल्ली एआयला सांगून चित्र करून घेतात, त्यातही तेच, वर चेहराच बदलतो. ही जोडणी तुम्हालाच तपासायची आहे. ती जिथे सोपी, ते सॉफ्टवेअर घ्या. ए-४ साठी गिम्प पुरे, फुकट आहे आणि तुमच्या लॅपटॉपवर चालेल.

आधी फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ए-४ करा, म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. यात १ मिमी म्हणजे साधारण १२ पिक्सेल, हा हिशेब पुढे सारखा लागतो. गिऱ्हाइकाकडून फोटो व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नुसता पाठवला तर बारकावे जातात. मागचं सगळं पुसून पांढरं करा. मग डीसॅच्युरेट (रंग काढणं), ४-५ पिक्सेलचा गॉशियन ब्लर (चित्र किंचित धूसर करणं), आणि कलर्स मेनूतलं थ्रेशोल्ड, म्हणजे ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पांढरं, खालचं काळं. ब्लर वगळला तर केस आणि दाढीच्या जागी नुसता भुसा दिसतो.

चेहऱ्यावर एका बाजूने ऊन असेल तर एकच थ्रेशोल्ड चालत नाही, अर्धा गाल काळा होतो. लेयरची कॉपी काढा, एकीवर ९० च्या आसपास, दुसरीवर १३० च्या आसपास थ्रेशोल्ड द्या आणि लेयर मास्कने (वरच्या लेयरचा नको तो भाग झाकून) दोन्हींतला चांगला भाग घ्या.

आता खरी परीक्षा. मागे काळा बोर्ड आहे, म्हणजे काळं ते कापून काढायचं आणि पांढरं ते लाकूड. बकेट फिलमध्ये (रंग ओतायचं टूल) 'फिल सिमिलर कलर्स' चालू, 'डायगोनल नेबर्स' बंद, आणि फ्रेमच्या कडेच्या पांढऱ्यात लाल रंग ओता. लाल झालं ते फ्रेमला धरून आहे. जे पांढरंच राहिलं ते पडणार. बुबुळातला चमकीचा ठिपका हमखास पांढरा राहतो. त्याला वरच्या पापणीशी जोडा. जोड काढायला पेन्सिल टूल वापरा, पेंटब्रश नको, त्याच्या कडा करड्या होतात आणि रंग तिथेच अडतो. जाडी २४ पिक्सेल, म्हणजे २ मिमी. प्लायच्या वरच्या थराच्या ग्रेनला (लाकडाच्या रेषांना) आडवा जाणारा जोड लवकर मोडतो, तिथे अडीच मिमी ठेवा. दातांमधल्या रेघा कापू नका, माणूस कवटीसारखा दिसतो.

शेवटी काळ्याच्या जागी फिकट करडा भरा आणि कडेला ३ पिक्सेलची लाल रेघ मारा. गडद काळ्यावर ब्लेड नेमकं कुठे आहे ते दिसत नाही.

वेंगुर्ला_वर्कशॉप:
वरच्याशी सहमत, पण तेच चित्र वेगवेगळ्या मापांत विकायचं असेल तर इंकस्केप शिकून घ्या. गिम्पमध्ये तपासलेलं चित्र आणा, पाथ मेनूत ट्रेस बिटमॅप. याने ठिपक्यांचं चित्र रेघांचं होतं, लहान-मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. 'स्पेकल्स' २५० ठेवा, म्हणजे २५० पिक्सेलपर्यंतचे ठिपके गाळले जातात. ३०० डीपीआयला हे साधारण दीड मिमी व्यासाच्या ठिपक्याएवढं होतं. त्याहून लहान भोक कापण्यात अर्थ नाही, २/० नंबरचं बारीक ब्लेड ओवायलाच १ मिमीचं ड्रिल लागतं. ट्रेस झाल्यावर खालचा मूळ फोटो काढून टाका, नाहीतर प्रिंटमध्ये दोन्ही येतात.

एक धोका: ए-३ चं पॅटर्न ए-४ वर आणलं की सगळं ०.७ पट होतं. २ मिमीचा जोड १.४ वर येतो आणि मोडतो. म्हणून सगळ्यात लहान माप धरून जोड काढा, मोठं करणं सोपं.

रेघेवर नोड (वळणाचे बिंदू) किती आले याची काळजी लेझरने कापणाऱ्यांनी करावी. हाताने कापताना काही फरक पडत नाही.

खाडीकाठ:
माडाबद्दल कोणी बोललं नाही! झावळ्या जशाच्या तशा ट्रेस केल्या तर प्रत्येक पाती एक मिमीची काडी होते. एका माडाला सात-आठच झावळ्या ठेवा, पात्या तीन-तीन एकत्र करून जाड दात काढा.

मावळतीच्या फोटोत उलटा हिशेब. किल्ला आणि माड काळे असतात, तेच लाकूड ठेवा आणि आकाश कापा. मग लाल रंगाची परीक्षा काळ्यावर करायची. तटबंदी दोन्ही बाजूंनी फ्रेमला टेकली पाहिजे. होडी समुद्रात एकटी सोडू नका, खाली लाटेची आडवी पट्टी काढून ती फ्रेमपर्यंत न्या.

माडबन_करवत:
मोठं पॅटर्न लागलं तर? आणि पावसात कागद सुटतो, त्याचं काय?

जाळीकाम_कुडाळ:
रॅपिड रिसायझरची वर्गणी भरण्याचं मोठं कारण हेच, मोठं चित्र अनेक पानांवर फोडून छापता येतं. तेवढ्यासाठी पोस्टरेझर फुकट आहे. ए-३ च हवं असेल तर तेही नको, झेरॉक्सवाल्याकडे पीडीएफ द्या. 'फिट टू पेज' नाही, '१०० टक्के' सांगा, आणि चित्राच्या कोपऱ्यात १०० मिमीची रेघ काढून ठेवा. प्रिंट हातात आली की आधी ती पट्टीने मोजा. ए-४ वर चित्र २०० × २८७ मिमीच्या आत बसवा, कडेचं प्रिंटर खातो.

प्रिंट लेझर घ्या, इंकजेटची शाई दमट हवेत पसरते. फेविकॉलने चिकटवू नका, पाण्याने कागद फुगतो आणि दोन पानांचे सांधे जुळत नाहीत. प्लायवर मास्किंग टेप, त्यावर स्प्रे ग्लूने किंवा ग्लू स्टिकने कागद, वरून पारदर्शक पॅकिंग टेप. कापून झालं की टेपसकट सगळं निघून येतं. पावसाळ्यात हे आदल्या रात्री करून ठेवू नका, कापायला बसण्याआधीच चिकटवा.