विक्रम कुणाचा: रॉड धरणाऱ्याचा की नाव हाकणाऱ्याचा?

खाडीकाठ: 1 जून 1898 रोजी कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ चार्ल्स होल्डर यांनी रॉड आणि रिळावर, म्हणजे गळाची काठी आणि दोरी गुंडाळायच्या चकरीवर, 183 पौंडांचा, म्हणजे 83 किलोंचा ब्लूफिन ट्यूना पकडला. समुद्रातल्या मोठ्या माशांच्या हौशी शिकारीची सुरुवात इथूनच धरतात. त्याच वर्षी त्यांनी बेटावरच्या ॲव्हलॉन गावात ट्यूना क्लब काढला. मासा पावणेचार तास झुंजला. पण होडीत आणखी एक माणूस होता, वल्ह्यांवर. मासा होडी ओढत नेत होता आणि हा उलटी वल्ही मारून त्याला दमवत होता. त्याची आठवण कुणाला आहे?

1913 मध्ये विल्यम बॉशन यांनी रॉडवर पहिला तलवारमासा काढला, 355 पौंडांचा. नाव हाकत होते जॉर्ज फार्न्सवर्थ. नाव जवळ आली की ट्यूना बुजतो, म्हणून पतंगाला दोरी अडकवून आमिषाचा उडता मासा लांब, लाटांवर नाचवत ठेवायची युक्ती यांचीच. मासा शोधायचा यांनी, नाव वळवायची यांनी, आणि विक्रम लागणार रॉडवाल्याच्या नावावर. मला हा अन्याय वाटतो.

शिडवाला: साफ असहमत. तेव्हाची रिळं कशी होती ते बघा. मासा पळाला की हँडल उलटं गरागरा फिरायचं, बोटं मोडायची. ब्रेक म्हणजे चामड्याची पट्टी, ती अंगठ्याने दाबून धरायची. रिळाच्या आत ब्रेक बसवायची कल्पना बॉशन यांचीच. ते नुसते पैसेवाले हौशी नव्हते. क्लबचा नियमही कडक होता: लिननची दोरी 24 धाग्यांची, आणि रॉडला दुसऱ्याचा हात लागला तर मासा बाद. एका माणसाचं बळ आणि एक मासा, एवढंच तिथे मोजलं जातं. नावाड्याचा मान मोठा आहे, पण तो वेगळा मान आहे.

उधाण: मी कोळ्याच्या घरातली. आमचे आजोबा तांडेल होते, म्हणजे होडीचे म्होरके. होडी घोळ माशाने भरून आली की बंदरावर पहिला प्रश्न असायचा, "तांडेल कोण?" जाळं कुणी ओढलं हे कुणी विचारत नसे. पाण्याचा रंग आणि वारा बघून ते होडी उभी करायचे, मग बाकीच्यांचे हात चालायचे. तुमच्या खेळात नेमकं उलटं का, हे मला खरंच कळत नाही.

शिडवाला: ताई, तांडेलाची होडी पोटासाठी जाते. सगळ्यांची मिळून एकच मासळी, मग वाटे. इथे स्पर्धाच एकट्याची आहे.

खाडीकाठ: एकट्याची? मग हे बघा. 1930 मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाजवळ अमेरिकन कादंबरीकार झेन ग्रे यांनी 1,040 पौंडांचा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या तोंडाचा मोठा मासा, काढला. हजाराच्या वरचा रॉडवरचा पहिलाच, पण शार्कने लचके तोडलेला, म्हणून विक्रमात धरला नाही. कारण योग्यच आहे: जखमी मासा लवकर हरतो, म्हणजे शार्कची मदत झाली. मग माशाच्या पळण्याबरोबर नाव पळवून दोरी वाचवणारा, तो खोल गेला की नाव फिरवून त्याला वर आणणारा माणूस मदत करत नाही का? शार्कची मदत मोजता आणि माणसाची सोडून देता.

शिडवाला: शार्कच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, मान्य करतो. तरी तासन्‌तास ज्याच्या खांद्यात गोळे येतात त्याची जागा दुसऱ्याला देणार नाही. हवं तर वहीत दुसरा रकाना करा: नाव कुणी हाकली. पहिल्या रकान्यात रॉडवाल्याचं एकट्याचंच नाव राहू दे.

उधाण: रकाना चालेल. पण त्याच ओळीत, आणि तेवढ्याच अक्षरात.