'हुशार', 'प्रज्ञावंत' की 'प्रतिभावान'?

प्रश्न : असामान्य बुद्धीच्या मुलांसाठी शाळेत विशेष वर्ग काढायचाय, त्यासाठी मुलं निवडायची आहेत. शिक्षकांनी भरायच्या शिफारस-फॉर्मवर यातला कोणता शब्द छापावा?

उत्तर : 'हुशार' नको. मूळ फारसी शब्दाचा अर्थ सावध, शुद्धीवर असलेला. मराठीत तो चलाख, तरतरीत झाला आणि शाळेत शिरल्यावर थेट 'मार्क मिळवणारा'. 'हुशार' वाचलं की शिक्षक पहिल्या पाच नंबरांची नावं लिहून मोकळे होतात. पायऱ्या न लिहिता नुसतं उत्तर मांडणारी, 'शून्याने भागायचं नाही, पण का?' म्हणून तास अडवून धरणारी, किरट्या अक्षराची मुलगी त्या यादीत येत नाही. तिला शोधायलाच तर हा वर्ग काढायचा!

'प्रज्ञा' म्हणजे खोल समज. बुद्धिमापन चाचणी जे मोजू पाहते, ते याच्या जवळचं. 'प्रतिभा' वेगळी. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताने तिला 'नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा' म्हटलंय, म्हणजे सतत नवं सुचणारी. शिवाय बोलीभाषेत 'प्रतिभावान' म्हटलं की कवी-गायकच डोळ्यांपुढे येतात, गणितातली मुलं बाजूला पडतात.

दुसरं उत्तर : शब्दावर एवढा खल कशाला? सरळ चाचणी घ्या.

पहिल्याचं उत्तर : चाचणी हवीच, पण ती कोणाची घ्यायची हे शिफारशीवर ठरत असेल तर शब्द महत्त्वाचाच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये दुसरीच्या सगळ्याच मुलांची प्राथमिक चाळणी सुरू केली, तेव्हा शिफारशींतून निसटणारी कितीतरी गरीब आणि कृष्णवर्णीय मुलं विशेष वर्गात आली. आणि चाचणीही चुकते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मनने १९२१ मध्ये सुरू केलेल्या तल्लख मुलांच्या अभ्यासात शॉकली आणि अल्वारेझ ही दोन मुलं चाचणी देऊनही निवडले गेले नाहीत. पुढे १९५६ आणि १९६८ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. अमेरिकी शिक्षणमानसशास्त्रज्ञ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये अशी मुलं ओळखताना क्षमतेच्या जोडीला सर्जनशीलता आणि कामाचा ध्यास धरला, ते मला पटतं. म्हणून 'प्रज्ञावंत' छापा आणि खाली विचारा : 'कोणतं मूल एखाद्या विषयात सांगितल्याच्या पुढे आपणहून जातं? एक प्रसंग लिहा.'

प्रश्नकर्ता : 'प्रज्ञावान' का नको?

उत्तर : त्याचं स्त्रीलिंग 'प्रज्ञावती'. फॉर्मवर नुसतं 'प्रज्ञावान' छापलं तर आधी मुलगेच आठवतील. 'प्रज्ञावंत' दोघांनाही चालतं.