शॉट पीन केलेल्या टायटॅनियम ब्रॅकेटवर स्ट्रेन गेज कसे लावावेत?

टीआय-६एएल-४व्ही या टायटॅनियम मिश्रधातूचा ब्रॅकेट आहे, फिलेटवर (आतल्या कोपऱ्याच्या गोलाईवर) शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबणं) केलेलं. फटीग चाचणी (पुन्हा पुन्हा भार देऊन तडा जातो का ते पाहणं) -२० ते ८० अंश सेल्सिअसमध्ये होईल. स्ट्रेन गेज (ताणाने लांबी किती बदलते ते मोजणारी पातळ पट्टी) लावल्यामुळेच तडा सुरू झाला तर चाचणी वाया जाईल. स्पॉट वेल्डचे गेज वापरावेत की चिकटवायचे? स्टीलसारखं २२० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका बारीक) पॉलिश पेपरने घासलं तर चालेल का?

प्रतिसाद १
स्पॉट वेल्ड नकोच. वितळलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं. एका गेजभोवती असे कितीतरी ठिपके पडतात आणि त्यातल्या कुठल्याही ठिपक्यापासून तडा सुरू होऊ शकतो.

२२० ग्रिटही नको. पीनिंगचा दाबलेला थर मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशाएवढाच असतो आणि टायटॅनियम ओरखड्यांना फार हळवं आहे. पीन केलेला पृष्ठभाग मुळातच खडबडीत असतो. त्यामुळे ४०० ग्रिटचा सिलिकॉन कार्बाइड पेपर हाताने, हलक्या दाबाने, चकाकी जाईपर्यंतच फिरवा, तोही ताणाच्या दिशेने. चांगल्या पकडीसाठी तिरकं घासायची सवय इथे सोडा, कारण ताणाला आडवे गेलेले ओरखडेच घातक ठरतात. खुणा बॉलपेनने आणि गेजच्या जागेबाहेर करा, स्क्रायबर लावू नका.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रत्येक वेळी नवा गॉज, एकाच दिशेने. मिथेनॉल आणि क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट टाळा: ताणाखाली टायटॅनियमला तडे जातात. पुसलेल्या जागी बोट लागू देऊ नका. कॅडमियम प्लेटिंगचे क्लॅम्पही दूर ठेवा.

साफ झाल्यावर अर्ध्या तासात गेज चिकटवा. ८० अंशांना सामान्य तापमानाला घट्ट होणारं दोन भागांचं इपॉक्सी पुरतं. वर सिलिकॉन रबराची गादी ठेवून दर चौरस सेंमीला साधारण १ किलो दाब द्या. सायनोअ‍ॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) लांबच्या चाचणीत टिकत नाही.

प्रतिसाद २
गेज टायटॅनियमशी जुळणारा घ्या. टायटॅनियमचा प्रसरण गुणांक अंशाला सुमारे ८.६ मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश) आहे. स्टीलसाठीचा लावलात तर ४० अंशांच्या फरकात ९० मायक्रोस्ट्रेनची, म्हणजे जवळपास १० मेगापास्कलची चूक आकड्यात शिरेल.

गेज विजेने स्वतःच तापतो आणि टायटॅनियम उष्णता वाहून नेण्यात मंद आहे. म्हणून ३५० ओहमचा गेज घ्या आणि व्होल्टेज कमी ठेवा. भार नसताना व्होल्टेज वाढवत जा, शून्य सरकू लागलं की मागे या. सोल्डरिंगला फक्त राळेचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचा पदार्थ). झिंक क्लोराइडचा नको.

मूळ प्रश्नकर्ता
धन्यवाद. नेमकं फिलेटमध्ये बसवू का?

प्रतिसाद १
१ मिमी ग्रिडचा (मोजणाऱ्या तारेच्या जाळीचा) गेज बसत असेल तर बसवा; मोठा गेज सरासरी दाखवतो आणि ताणाचं शिखर लपवतो. चाचणीनंतर काढताना धातूची पट्टी वापरू नका, प्लॅस्टिकच्या खरडणीने काढा.