ठिपक्यांच्या चाळीस भांड्यांची ऑर्डर घेऊ का? (आणि लाल रंगाचा एक प्रश्न)

मातीवाली_म्हसवड · १२ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहिते, तोडून विचारलं तर प्रश्न कळणार नाही.

मी म्हसवडची. सोळा वर्षं मातीत काम करते, परसात गॅसची छोटी भट्टी आहे. २०२३ मध्ये धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला ॲडलेडला गेले होते. बाळ दोन महिन्यांचं झालं तेव्हा तिचे यजमान म्हणाले, "ताई, तुम्ही मातीतल्या. लाल वाळवंट दाखवल्याशिवाय तुम्हाला परत पाठवायचं नाही." म्हणून सहा दिवस ॲलिस स्प्रिंग्सला गेलो. तिथून पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवर हर्मन्सबर्ग नावाचं गाव आहे, तिथले लोक त्याला न्तारिया म्हणतात. वाटेत फिंक नदी लागली. पाण्याचा थेंब नाही, नुसती वाळू, आणि पात्रातच पांढऱ्या खोडाची मोठमोठी झाडं उभी. मी गाडी थांबवायला लावली आणि खाली उतरले. चैतातली आमची माणगंगा अशीच असते. त्या वाळूत उभं राहून मला रडू आलं, का ते यजमानांना सांगता येईना.

न्तारियात वेस्टर्न अरांडा या तिथल्या मूळ समाजाच्या बायका १९९० पासून भांडी करतात. चाक नाही. मातीच्या वळ्या एकीवर एक रचत गोल भांडं चढवायचं, ते घासून गुळगुळीत करायचं, आणि झाकणावर त्यांच्या रानातला एखादा पक्षी नाहीतर प्राणी मातीचाच बसवायचा. भांड्याच्या अंगावर सगळीकडून त्यांचा मुलूख रंगवलेला. एका भांड्याच्या झाकणावर काळा काकाकुवा होता आणि पोटावर जांभळे डोंगर. मी त्याच्याभोवती फिरत राहिले. डोंगर कुठे सुरू झाले नि कुठे संपले ते सापडत नव्हतं, कारण गोल भांड्याला कडाच नसते. ही साधी गोष्ट मला सोळा वर्षांत सुचली नव्हती.

परत आल्यावर मी झपाटल्यासारखी चौदा भांडी केली. पण डोंगर नाही केले. तिकडच्या दुकानांत सगळीकडे दिसले ते ठिपके केले, एकात एक वर्तुळं केली. पुण्याच्या प्रदर्शनात अकरा विकली गेली. तिथे एका कॉलेजच्या मुलीने बोट ठेवून विचारलं, "हे गोल म्हणजे काय?" मी ऐकीव माहितीवर म्हटलं, "पाणवठा." ती म्हणाली, "कुठला?"

मला उत्तर देता आलं नाही. ती मुलगी अजून डोळ्यांसमोर आहे.

आता महाबळेश्वरजवळच्या एका हॉटेलवाल्यांनी तशाच चाळीस भांड्यांची ऑर्डर देऊ केली आहे. नग १,८०० प्रमाणे ७२ हजार, वीस हजार आगाऊ, दिवाळीपूर्वी हवी. प्रत्येकासोबत "ॲबोरिजिनल आर्ट", म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांची कला, असं कार्ड द्यायचं. पैशाची गरज आहे, खोटं कशाला बोलू. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे आणि भट्टीचा एक बर्नर गेलाय. तरी हात पुढे होत नाही. तुम्ही काय केलं असतं?

दुसरा प्रश्न कुंभारकाम जाणणाऱ्यांना. मला तो लाल रंग हवाय. १,२०० अंशांवर भाजलं की लाल जाऊन मळकट तपकिरी होतो. आणि राजेवाडी तलावाचा गाळ मिसळून केलेली भांडी भट्टीतून नीट निघतात, पण आठ-दहा दिवसांनी अंगावरून टिकल्या उडतात, आत पांढरा ठिपका दिसतो. काय चुकतंय?

कराडकर_ॲलिस · १२ ऑगस्ट

ताई, तुमचं लिहिणं वाचून भरून आलं. मी मूळची कराडची, आठ वर्षं इथे ॲलिस स्प्रिंग्सला नर्स आहे. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये चित्र काढणाऱ्या आज्या असतात, त्यामुळे थोडं जवळून पाहिलंय.

त्या ठिपक्यांबद्दल आधी सांगते. ही चित्रं मुळात वाळूवर, अंगावर, खडकावर, विधींसाठी काढली जात. ॲलिसच्या वायव्येला २४० किलोमीटरवर पापुन्या नावाचं गाव आहे. १९७१ मध्ये तिथल्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या माणसांनी मधमुंगीचं चित्र काढलं, तिथून फळ्यांवर नि कॅनव्हासवर रंगवणं सुरू झालं, आणि १९७२ मध्ये चित्रकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली. पहिल्या चित्रांत काही खुणा अशा होत्या की ज्या बाहेरच्यांनी, काही तर त्यांच्याच बायकामुलांनीही पाहायच्या नव्हत्या. त्यावरून त्यांच्यात बोलणी झाली, त्या खुणा काढणं कमी झालं, आणि ठिपक्यांची दाटी वाढत गेली त्यामागे त्या झाकायचं हेही एक कारण होतं. म्हणजे आपल्याला जी नक्षी वाटते ती काही ठिकाणी ओढलेला पडदा आहे.

आणि प्रत्येक चित्रामागची गोष्ट कुणाची तरी असते. सख्ख्या भावाची गोष्टसुद्धा विचारल्याशिवाय काढत नाहीत. त्या मुलीने तुम्हाला विचारलं ना, "कुठला पाणवठा?" इथल्या आज्जीला विचारा, ती नाव सांगेल, तिथे कोण जन्मलं ते सांगेल, तिथे जायचं कुणी आणि कुणी नाही तेही सांगेल.

न विचारता घेतल्याचा इतिहासही मोठा आहे. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाची एक डॉलरची नोट निघाली, तिच्यावर उत्तरेकडचे मूळ रहिवासी चित्रकार डेव्हिड मलांगी यांनी काढलेलं चित्र होतं आणि त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. बोभाटा झाल्यावर हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं सामान दिलं. पुढे चित्रकारांच्या नकला मारलेले गालिचे व्हिएतनाममध्ये विणून इथे विकले गेले. १९९४ मध्ये कोर्टाने सुमारे १ लाख ८८ हजार डॉलर भरपाई द्यायला लावली. निकालात पैशांबरोबर त्या समाजांच्या मनाला झालेली इजाही धरली होती. तुम्ही पाहिलेले डोंगर ज्यांच्यामुळे जगाला कळले त्या अल्बर्ट नामाटजिरांच्या चित्रांचे हक्क १९८३ मध्ये त्यांच्या घराण्याला न विचारता विकले गेले होते, ते २०१७ मध्ये परत मिळाले. चौतीस वर्षं.

ते कार्ड नका देऊ, ताई. बाकी ऑर्डरचं तुम्ही ठरवा, ते कार्ड मात्र नको.

एक मात्र सांगावंसं वाटतं. वाळवंट पाहून भारावून जायला कुणाची बंदी नाही. फ्रीमँटलच्या पिपिन ड्रायस्डेल या गोऱ्या सिरॅमिक कलाकार. त्यांनी तनामी वाळवंटावर भांड्यांची मोठी मालिका केली. पातळ पोर्सेलीन (चिनी माती), त्यावर ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या लेपाचे थर, मग बारीक रेघा कोरून त्यांत दुसरा रंग भरायचा. वरून दिसणाऱ्या वाळूच्या लाटाच त्या. त्यात ठिपका नाही, कुणाची खूण नाही. स्वतः पाहिलं ते काढलं.

आवा_आणि_चाक · १३ ऑगस्ट

राम राम ताई. मी तासगाव बाजूचा, आमची ही पाचवी पिढी चाकावर.

आधी टिकल्यांचं सांगतो. तुमच्या गाळात चुनखडीचे बारीक खडे हायत. माणदेशाच्या मातीत ते असणारच. नऊशे अंशांच्या आसपास त्याचा कळीचा चुना होतो. भांडं निवलं की तो हवेतला ओलावा ओढतो, फुगतो आणि वरची माती उडवतो. म्हणून आठ दिवसांनी कळतं. गाळ वाळवून कुटायचा, भिजवून पातळ करायचा आणि पातळ सुती कापडातून दोनदा गाळायचा, तुमची चाळणी जाडी असणार. एवढं करूनही शंका असेल तर भट्टीतून काढल्यावर हाताला सोसेल इतकं गरम असतानाच भांडं पाण्यात बुडवा, चांगलं पिऊ द्या. आमचे वडील रांजणाला हेच करायचे.

लाल हवा असेल तर १,२०० ला जाऊच नका. मातीतलं लोखंड हजार ते हजार पन्नासपर्यंत लाल राहतं, वर नेलं की करपतं. आणि भट्टीत हवा खेळती ठेवा. कोंडली की काळं होणार, काळी भांडी आम्ही तशीच तर करतो. मग पाणी झिरपेल, पण शोभेच्या भांड्याला त्याचं काय?

ऑर्डरचं बोलायला मी लहान माणूस. आधी मला वाटलं, घ्या की, ठिपके काय कुणाच्या मालकीचे असतात? पण वरच्या ताईंचं वाचून बेंदराची आठवण झाली. आमच्या आळीत बेंदराचे मातीचे बैल घरोघर हातानं व्हायचे. वशिंड कसं काढायचं, शिंगं खिल्लारी बैलासारखी कशी न्यायची, हे आईनं शिकवलं. आता साच्यातले प्लास्टरचे बैल टेम्पोनं येतात आणि बाजारात त्यावर "पारंपरिक कुंभारी" अशी पाटी असते. ती पाटी वाचली की मला दोन दिवस जेवण गोड लागत नाही. बैल कुणीबी करावा. पाटी आमच्या नावाची लावू नये.

दगड_आणि_शाळा · १३ ऑगस्ट

मी साताऱ्यात भूगोल शिकवते. रंगाबद्दल एक सुचवते. आपल्या घाटांत रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथे काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो, त्याला रेड बोल म्हणतात. एक लाव्हा थंड होऊन त्यावर हवा-पाण्याने माती झाली, मग दुसरा लाव्हा त्यावर पसरला. त्या मातीतलं लोखंड गंजून लाल झालं. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाचा लालपणाही लोखंड गंजल्याचाच, खडक मात्र वेगळा, वालुकाश्म. रस्त्याच्या कडेला पडलेली ढेकळं मिळतात, कापलेल्या कड्याला हात लावू नका, दरड येते.

वाड्यावरचा · १५ ऑगस्ट

ताई, मी आटपाडी तालुक्यातला, मेंढपाळ धनगर घरातला. शिक्षक आहे.

फिंक नदीत उतरल्यावर माणगंगा आठवली म्हणालात, म्हणून लिहायचं धाडस करतो. करायचंच असेल तर माणगंगा करा. पण घाईने "धनगरी आर्ट" असं कार्डही करू नका, ही विनंती. लोक येतात, गजी नाचाचे व्हिडिओ काढतात, घोंगडीचे फोटो काढतात आणि जातात. ओवी कुणाची, कुठल्या देवाची, हे कुणी विचारत नाही.

आमचे आजोबा ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा सगळा तळ, कोकणाकडे निघायचा, ते सगळे मुक्काम त्यांना क्रमाने पाठ आहेत. डोळे मिटून सांगतात. कुठे पाणी, कुठला पाटील मेंढरं बसवायला धान्य द्यायचा, कुठे वाघूर (मेंढरांभोवतीचं जाळं) लावायला जागा, कुठे लांडगा. एका ठिकाणी त्यांचा धाकटा भाऊ गेला, ते नाव घेताना थांबतात. कराडकर ताईंनी तिकडच्या आज्जीचं लिहिलंय ते वाचून मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग त्यांचाबी वाडाच की."

पावसाळ्यात ते घरीच असतात. या. त्यांना विचारा. हो म्हणाले तर काढा, नाही म्हणाले तर चहा पिऊन जा.

मातीवाली_म्हसवड · ९ सप्टेंबर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. उत्तर द्यायला उशीर झाला कारण हात मातीत होते.

हॉटेलवाल्यांना फोन केला. म्हटलं, ठिपक्यांची भांडी करणार नाही आणि ते कार्डही देणार नाही, त्याऐवजी माणदेशाची भांडी करते, चार नमुने पाहा, मग ठरवा. ते नाराज झाले. "गेस्टना माण कुठे माहितीये?" म्हणाले. शेवटी चाळीसऐवजी बारा घेतो म्हणाले, तेही नमुने पसंत पडले तर. ऑपरेशनचं मामांशी बोलले आहे, होईल. पुण्यात विकलेली अकरा भांडी परत आणता येत नाहीत. त्यातल्या सहा जणांचे नंबर होते, त्यांना मेसेज करून सांगितलं की ते पाणवठे माझे नव्हते. दोघांनी उत्तर दिलं. उरलेल्या तीन भांड्यांवर मी आता ब्रश धुते.

आटपाडीला तीनदा जाऊन आले. पहिल्या खेपेला आजोबांनी काहीच सांगितलं नाही, माझा हात हातात घेऊन नखांतली माती पाहिली आणि भाकरी वाढायला सांगितली. दुसऱ्या खेपेला मुक्काम सांगायला लागले तर अडीच तास. मी काही लिहून घेतलं नाही, तसं त्यांनीच सांगितलं होतं. तिसऱ्या खेपेला विचारलं की यातलं भांड्यावर काय काढू. त्यांनी नऊ मुक्काम मोजून दिले. भावाचा मुक्काम त्यात नाही, आणि एका देवाच्या ठिकाणचंही नाही.

न्तारियाकडून मी एकच गोष्ट घेतली, वळ्या रचून गोल भांडं. वळ्यांची रीत तर जगभर आहे, आपल्याकडे आज्या मातीच्या कणग्या अशाच चढवायच्या. पण गोल भांड्याला कडा नसते हे मला त्या बायकांच्या भांड्याने दाखवलं, आणि नमुन्यांसोबतच्या चिठ्ठीत ते तसंच लिहिलं आहे, त्यांच्या गावाच्या नावासकट. नऊ मुक्काम भांड्याभोवती फिरत जातात, नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो, म्हणजे वाडा घरी आला. झाकणावर मेंढी. पहिली केली ती कुत्र्यासारखी झाली, आजोबांच्या सुनेने कान खाली पाडायला सांगितले तेव्हा कुठे माणदेशी मेंढी दिसायला लागली.

रंग रेड बोलचा. ढेकळं कुटली, निवळून घेतली, गाळाच्या मातीत एकास दोन मिसळून पातळ लेप केला. १,०४० अंशांवर भाजलं. लाल आला, बाई! तिकडच्या वाळूसारखा भगवट नाही, थोडा जुन्या विटेकडे झुकणारा, आणि बोटाने घासला की खाली काळसर छटा दिसते. पहिल्या भट्टीत सहापैकी दोन तडकली, वळ्यांचे सांधे नीट दाबले गेले नव्हते. उरलेली चार पाण्यात बुडवली होती, आज अकरावा दिवस, एकही टिकली उडाली नाही.

चाकवाल्या दादा, एक विचारायचं राहिलं. गाळ तुम्ही भिजवल्यावर किती दिवस मुरवता? माझा आठ दिवसांत वापरला तर वळी वाकवताना तुटते. आणि त्यात घोड्याची लीद घालायची तर आता ती मिळते कुठे?